रिस्पाची राखण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बायबलमधल्या रिस्पावरचा माझा लेख तुम्हाला खटकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुलं मारली गेल्यावर ही बाई प्रेतांजवळ बसून राहिली, राजाला तिने जाब विचारला नाही, एक शब्द बोलली नाही, मग यात निर्धार कसला? बायकांनी सोसावं आणि गप्प राहावं हेच शिकवणारी गोष्ट आदर्श म्हणून कशाला सांगायची? शिवाय सात निरपराध माणसांचा बळी घेऊन शांत होणारा देव तुम्हाला मान्य नाही.

प्रश्न रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी आधी कथा सांगते. ती बायबलमधल्या 2 शमुवेल या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात आहे. इस्राएलचा राजा दावीद याच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडतो. पूर्वी यहोशवा पुढारी असताना इस्राएली लोकांनी गिबोनी लोकांना शपथेवर अभय दिलेलं असताना दावीदाच्या आधीचा राजा शौल याने त्यांची कत्तल केली, हे त्याचं कारण सांगितलं जातं. दावीद गिबोन्यांना विचारतो, भरपाई काय करू? ते सोनंरुपं नाकारतात आणि शौलाच्या वंशातले सात पुरुष मागतात. दावीद देऊन टाकतो. त्यात शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोघे, अरमोनी आणि मफीबोशेथ. उरलेले पाच शौलाच्या मुलीचे. सातही जणांना एकदमच मारून डोंगरावर टांगलं जातं. दिवस जवाच्या कापणीच्या सुरुवातीचे.

आता 10वं वचन सावकाश वाचा. रिस्पाने गोणपाट घेतलं, खडकावर अंथरलं आणि कापणीच्या सुरुवातीपासून प्रेतांवर आभाळातून पाऊस पडेपर्यंत दिवसा पाखरांना आणि रात्री रानातल्या जनावरांना त्यांना शिवू दिलं नाही.

'बसून राहिली' हे शब्द तुमचे आहेत. मी ज्वारीच्या मुलखात वाढले. कणसात दाणा भरला की माळ्यावर उभं राहून पाखरं राखावी लागतात. गोफण फिरवायची, डबा बडवायचा, ओरडत राहायचं. लहानपणी दोन दिवस हे काम केलं तरी माझा खांदा भरून यायचा आणि घसा बसायचा. जरा नजर हटली की थवा कणसांवर उतरलेलाच. आणि अंधार पडला की आम्ही घरी जाऊन जेवून झोपायचो. रिस्पाला रात्रीही सुटका नव्हती. लोक शिवारात जव कापत होते तेव्हा ती डोंगरावर सात कुजत्या देहांवरून पाखरं उडवत होती. त्या देशात जव साधारण एप्रिलच्या सुमारास कापणीला येतो आणि पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे पडतो. तो पाऊस अवकाळी असेल असं मानणारेही अभ्यासक आहेत. पण नेहमीचा पाऊस धरला तर जवळजवळ सहा महिने होतात.

ती बोलली नाही हे खरंच आहे. सगळ्या शास्त्रात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. पण तिचं ऐकून घेणारं होतं कोण? नवरा लढाईत गेलेला, घराण्याचं राज्य गेलेलं. याच पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात तिच्यावरून शौलाचा मुलगा ईश-बोशेथ आणि सेनापती अबनेर यांचं भांडण जुंपतं. अबनेर तिच्यापाशी गेला असा आरोप आहे. अबनेर चिडून दावीदाच्या बाजूला जातो, राज्याचं पारडं फिरतं, आणि एवढ्या सगळ्यात तिला कोणी काही विचारत नाही. अशा बाईने राजासमोर जाऊन जाब विचारायला हवा होता, हे आपण आज घरात बसून म्हणतो.

जाब तिने वेगळ्या रीतीने विचारला, असं मला वाटतं. बायबलमधल्या 'अनुवाद' या नियमशास्त्राच्या पुस्तकात, 21व्या अध्यायात, नियम आहे की टांगलेलं प्रेत रात्रभर तसं ठेवू नये, त्याच दिवशी पुरावं. इथे तो नियम रोज मोडला जात होता. ती तिथून उठून गेली असती तर पाखरांनी आणि जनावरांनी चार दिवसांत विषय संपवला असता. तिने तो संपू दिला नाही.

आणि राजाला ते ऐकावं लागलं. 11वं वचन एवढंच सांगतं की रिस्पाने काय केलं ते दावीदाला कळवण्यात आलं. लगेच पुढच्या वचनात दावीद शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी याबेश-गिलाद या गावाहून आणायला निघतो. लढाईत पडलेल्या या दोघांची प्रेतं तिथल्या लोकांनी पूर्वी बेथ-शान गावाहून रातोरात काढून आणली होती. इतकी वर्षं त्या अस्थी तिथेच होत्या, दावीदाला कधी सवड झाली नव्हती. टांगलेल्या सात जणांच्या अस्थीही गोळा होतात. शौल-योनाथान यांना बन्यामिनाच्या मुलखात, सेला इथे, शौलाचा बाप कीश याच्या कबरेत पुरतात.

देवाबद्दलचा तुमचा आक्षेप मी हलका समजत नाही. बापाच्या अपराधासाठी मुलांना मारू नये असं अनुवादच्याच 24व्या अध्यायात आहे, म्हणून ही कथा मलाही बोचते. पण एक गोष्ट पाहा. सात जण द्या असं देव म्हणाल्याचं या अध्यायात कुठेही लिहिलेलं नाही. प्रश्न दावीदाचा, मागणी गिबोन्यांची. आणि 'यानंतर देवाने देशासाठी केलेली विनंती ऐकली' हे वाक्य सात जणांना मारल्यावर येत नाही. पाऊस त्याआधी 10व्या वचनात येऊन गेलेला आहे, हे मान्य. तरीही लिहिणाऱ्याने ते वाक्य 14व्या वचनात, अस्थी पुरल्यानंतर ठेवलं. माझ्यासाठी हा क्रम फार मोठा आहे.

एका ठिकाणी मात्र तुमच्यामुळे माझी चूक माझ्या लक्षात आली. तुम्ही लिहिलंत की मी सगळं 'आईची माया' यावर नेऊन ठेवलं. खरं आहे. सात प्रेतांपैकी पाच तिच्या पोटची नव्हती. पाखरं हाकताना तिने आपली दोन आणि परकी पाच असा भेद केल्याचं कथेत नाही. मी मात्र लेखात तो केला, आणि त्या पाच जणांना एका ओळीत उरकलं.

मूळ लेखात 'स्वतःच्या दोन मुलांसाठी' असं होतं, तिथे आज 'सात जणांसाठी' अशी दुरुस्ती केली आहे.