सूतभर फुगणारं लाकूड आणि केसाचा हिशेब: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

रंधा मशीन म्हणजे फळीची कड सरळ करणारं मशीन: फळी पुढच्या टेबलावरून फिरत्या पात्यांच्या कटरवर ढकलायची, ती मागच्या टेबलावर निघते. त्याची ही दोन्ही टेबलं एका पातळीत कशी आणायची, या माझ्या लेखावर तुम्ही मला चांगलंच झाडलंत. "पावसाळ्यात बारा इंची फळी सूतभर (इंचाचा आठवा भाग) फुगते, तिथे केसाच्या जाडीचा हिशेब कसला? आम्ही जोडायच्या फळ्यांच्या कडेला मध्ये मुद्दाम पोकळ ठेवतो आणि क्लॅम्पने ओढतो. टेबलाखाली कागद घाला म्हणणं तर निव्वळ जुगाड."

कागदाचं आधी मान्य करतो. कागद तेल पितो, दबतो आणि महिन्याभरात माप बदलतं. मी वर्तमानपत्राचे तुकडे घातले ते फक्त टेबलाखाली किती जाडीची पत्री (धातूचा पातळ तुकडा) लागेल हे शोधायला. नंतर तिथे पोलादी पत्री गेली, पण लेखात ते लिहायचं राहिलं. चूक माझी.

फुगण्याचं मात्र पटत नाही. सागवान फुगतं ते रुंदीत आणि जाडीत. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत उभ्या चिरेच्या फळीत (जिच्या टोकाला वलयं उभी दिसतात) रुंदीला अडीच टक्के, आडव्या चिरेच्या फळीत (वलयं आडवी) पावणेसहापर्यंत फरक पडतो. लांबीत तो एका टक्क्याच्या पाचव्या हिश्श्याच्याही आत. तुमची बारा इंची फळी सूतभर रुंद होईल, पण चार फुटांची कड सरळ असली तर ती सरळच राहते. आपण मशिनवर जुळवतो ती नेमकी हीच लांबीची कड.

आता पोकळीबद्दल. तुमची पद्धत बिनचूक आहे. फळीची टोकं आधी वाळतात, आकसतात, आणि सांधा तिथूनच उघडतो. मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीइतकी पोकळ ठेवून क्लॅम्प आवळला की टोकं एकमेकांवर दाबलेली राहतात. पण ती पोकळ तुम्ही रंध्याने, ठरवून काढता. मशीन काय काढेल ते टेबलं ठरवतात. टेबलं बाहेरच्या टोकांना खाली झुकलेली असली तर पोकळ फुकट मिळते. (तुमचं मशीन तसंच असावं असा माझा दाट संशय आहे, म्हणून तुमची तक्रार नाही!) टोकं वर उचललेली असली की फळी मध्ये कटरवरून अधांतरी जाते, तिथे कमी कापली जाते आणि कडेला पोट येतं.

माझ्याकडे हेच झालं होतं. सेकंडहँड घेतलेलं सहा इंची मशीन. सागाच्या चार फळ्या जोडून टेबलाचा वरचा भाग केला, तो मे महिन्यात दोन्ही टोकांना फाटला. फेव्हिकॉलला शिव्या घातल्या. मग त्याच मशिनवर मारलेल्या दोन फळ्यांच्या कडा समोरासमोर धरल्या, तर दोन्ही टोकांना उजेड. पुढचं टेबल मागच्याच्या बरोबरीला आणून दोन्हींवर सरळपट्टी ठेवली, ती बाहेरच्या टोकांना टेकली आणि कटरपाशी फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) ०.२० मिलिमीटरची पाती आरपार गेली. मागचं टेबल सरकवून काढलं, तर ते ज्या खाचेत सरकतं तिच्यात बाहेरच्या टोकाशी काडेपेटीच्या पुठ्ठ्याची घडी! तेलाने काळी झालेली, एका कडेला दबून कागदासारखी पातळ. आधीच्या मालकाचा जुगाड. म्हणजे तुमचा राग अगदीच अस्थानी नाही.

पुठ्ठा काढल्यावर तेच टोक उलट ०.१५ मिलिमीटर खाली गेलं. तिथे ०.०५ ची पत्री घातली. टेबलाच्या खाचेपेक्षा टेबल जवळपास दुप्पट लांब आहे, म्हणून टोक ०.१० वर आलं. पत्री घातल्यावर मागच्या टेबलाची उंची पात्यांशी पुन्हा जुळवावी लागते. प्लग काढून टेबलावर लाकडी पट्टी ठेवायची, कटर हाताने फिरवायचा. पात्याने पट्टी दोन-तीन मिलिमीटर ओढली की बरोबर. टेबल खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो.

"एवढी लांब सरळपट्टी आणायची कुठून" असंही विचारलंत. मी तीन पट्ट्या रंधून केली. दोनच घेतल्या तर एकीचं पोट दुसरीच्या पोकळीत चपखल बसतं आणि दोघी मिळून फसवतात. तिसरी आली की ते जमत नाही. प्रत्येक जोडी उलटसुलट धरून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासायचं. लोखंडी सपाट पाटे करायची हीच पद्धत इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने १८४०मध्ये ग्लासगोत मांडली होती. फक्त तो शेवटी रंधत नव्हता, खरवडत होता.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आणखी एक चूक कबूल करतो. माझं पहिलं माप टेबलाची गिब (खाचेत टेबल हलू नये म्हणून आवळायची पट्टी) ढिली असतानाच घेतलेलं होतं. तिचे स्क्रू आवळले तेव्हा ०.२५चे ०.२० झाले. म्हणजे आधी गिब, मग फिलर गेज. लेखात दुरुस्ती करतो.

आणि मागच्या टेबलाच्या टोकाला उरलेला ०.०५चा झोक मी काढला नाही. तेवढी पोकळ तुमच्या नावाने ठेवली आहे.