पेडल हापसून क्लचमधली हवा निघत नाही

जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये एक सल्ला सारखा पुढे ढकलला जातोय: ‘क्लचचं पेडल खाली बसलं तर पन्नास वेळा भराभर दाबा, हवा आपोआप निघते. ऑइल कमी असेल तर घरात असेल ते टाका. तरी गिअर पडत नसेल तर क्लच प्लेट गेली समजा.’ क्वालिस, जुनी सुमो अशा हायड्रॉलिक, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या गाड्यांना हा सल्ला महागात पडतो. (मारुती 800चा क्लच केबलवर चालतो, तिचा इथे संबंध नाही.)

हवा आपोआप निघते हे थोडंसं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. अप्परमध्ये, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये अडकलेला बुडबुडा पेडल पूर्ण सुटल्यावर बारीक छिद्रातून वर ऑइलच्या डबीत जाऊ शकतो. पण लोअरमध्ये, गिअरबॉक्सच्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये हवा अडकली असेल तर? लोअरवरचा निपल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, बंद असताना पेडल दाबलं की ऑइल पुढे सरकतं, सोडलं की तेच मागे येतं. बुडबुडा तिथेच दबतो आणि पुन्हा फुगतो. भराभर हापसल्यावर पेडल कडक लागतं, त्यालाच लोक ‘हवा निघाली’ म्हणतात. थोड्या वेळाने ते परत बसतं.

हवा काढायची ती लोअरच्या निपलमधूनच. निपलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायचं. मग खालच्याने निपल पाव आटा सैल करायचा, ऑइल आलं की आवळायचा आणि त्याने ‘सोड’ म्हटल्यावरच पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा उलटी आत ओढली जाते. नळीत आधी काळपट ऑइल आणि बुडबुडे दिसतात, मग स्वच्छ सलग धार लागते. मध्ये डबी रिकामी होऊ दिलीत तर सगळं पहिल्यापासून.

‘घरात असेल ते ऑइल’ हा तर सगळ्यात घातक भाग. डबीच्या झाकणावर ब्रेक ऑइलचा प्रकार, डॉट 3 किंवा डॉट 4, लिहिलेला असतो, तेच टाका. इंजिन ऑइलने रबरी वॉशर फुगतात. मग अप्पर, लोअर आणि त्यांना जोडणारा होस (रबरी पाइप) तिन्हींचा खर्च येतो. बरेच दिवस उघडी पडलेली ब्रेक ऑइलची बाटलीही नको, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट 3 ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी मुरलं की ही हमी 140वर येते. आणि ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

राहिली प्लेट. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, रिव्हर्स करकरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी हायड्रॉलिक तपासा. चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, तेव्हा प्लेटवर संशय घ्या. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, ती नुसत्या अंदाजावर घालवू नका.

अशी हवा काढल्यानंतर (ब्लीडिंगनंतर) पेडल पुन्हा बसलं तर लोअरची रबरी टोपी सरकवून आत ओल दिसते का बघा, पेडलच्या वर अप्परच्या दांड्याजवळ बोट फिरवा. दोन्ही कोरडे असून दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात असेल, तर अप्परचे वॉशर आतल्या आत ऑइल सोडतायत. आधी वॉशरचं किट बदला, मगच पुन्हा हवा काढा.