आयर्लंडचे सगळे कागद जळालेले नाहीत

‘आयर्लंडहून अमेरिकेत आलेल्या पूर्वजांचं गाव शोधायच्या फंदात पडू नका. १९२२ च्या आगीत त्या देशाचे सगळे कागद जळाले आणि नावं एलिस आयलंड या न्यूयॉर्क बंदरातल्या प्रवासी-तपासणी केंद्राच्या कारकुनांनी बदलून टाकली. आता आडनावाचं मानचिन्ह (ढालीवरचं कुलचिन्ह) आणि डीएनए चाचणी एवढंच हाती आहे. पणजोबा आयरिश असतील तर पासपोर्ट मात्र नक्की मिळतो.’

या मजकुराची इंग्रजी पोस्ट माझ्या सासूबाईंनी वाचली. त्या बॉस्टनजवळ वाढल्या, माहेरचं आडनाव वॉल्श. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या मावससासूबाईंचं, घर सध्या विकायला काढलंय. माळ्यावर जुन्या पत्रांचं एक खोकं निघालं. ‘तिकडे काही उरलंच नाही, मग ही रद्दी कशाला?’ म्हणून सासूबाईंनी ते टाकून द्यायच्या सामानात ठेवलं. वेळेत दिसलं म्हणून वाचलं. आता त्याच पोस्टचं मराठी रूप इथल्या, अमेरिकेतल्या, मराठी मंडळींच्या ग्रुपवर आलंय. ज्यांच्या मुलांचे एका बाजूचे आजीआजोबा आयरिश आहेत अशी घरं आमच्यात पुष्कळ आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी आग. आग लागली, हे खरं. ३० जून १९२२ ला, यादवी युद्ध पेटल्या पेटल्या, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीत स्फोट झाला आणि तिथला सरकारी दप्तरखाना खाक झाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळजवळ सगळे कागद गेले. चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त नोंदवह्या गेल्या, मृत्युपत्रांचे ढीग गेले. एवढं मान्य करावंच लागतं. पण १८६१ आणि १८७१ ची जनगणना सरकारनेच नष्ट करवली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईत लगदा करायला गेली. त्याचा आगीशी काही संबंध नाही.

आणि अमेरिकेत आलेल्या कॅथलिक घराण्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पोस्टवाल्याने लिहिलेलीच नाही. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या त्या इमारतीत नव्हत्याच. त्या ज्या त्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, पाद्र्यांच्या ताब्यात होत्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुलै २०१५ मध्ये १,०८६ पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या इंटरनेटवर खुल्या केल्या. पानांची ३,७०,००० हून जास्त छायाचित्रं, बहुतेक वह्या १८८० पर्यंतच्या, आणि एक पैसा न घेता. ‘सगळे जळाले’ म्हणणाऱ्याने ही एक गोष्ट पाहिली असती तरी पोस्ट लिहिली नसती. शिवाय १८६४ पासूनच्या सर्व धर्मीयांच्या सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी आहेत. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेली ग्रिफिथची मोजणी आहे, तिच्यात कोणाच्या ताब्यात कुठली जमीन आणि घर होतं हे नावानिशी सापडतं. १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण शाबूत आहे, तीही फुकट बघता येते.

जळालेल्या जनगणनेचेही काही तुकडे वेगळ्याच वाटेने वाचले. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली. १८६४ च्या आधी जन्मलेल्या गरीब माणसाकडे जन्मदाखला कुठून असणार? मग तो अर्ज करायचा: आईबापांची नावं अमुक, घर तमुक ठिकाणी, १८५१ च्या जनगणनेत माझं नाव पाहा. कारकून वही काढून शोधायचा आणि जे सापडेल ते अर्जावर उतरवायचा. वह्या गेल्या, अर्ज राहिले. तेही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने खुले केलेत.

पश्चिमेकडच्या कित्येक पॅरिशमध्ये वह्या उशिरा सुरू झाल्या, त्यामुळे १८४५ च्या दुष्काळाआधीचं फारसं हाती लागत नाही, हेही खरं. पण थोडं मागे गेल्यावर वाट संपणं वेगळं आणि वाटच नसणं वेगळं.

खरी अडचण दुसरीच आहे. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढी जागा. नुसत्या ‘वॉल्श, आयर्लंड’ एवढ्यावर काही होत नाही, ते आडनाव देशभर पसरलेलं आहे. काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), पॅरिश आणि जमल्यास टाउनलँड कळायला हवं, आणि ते नाव बहुतेक वेळा समुद्राच्या अलीकडे, घरातल्याच कागदांत असतं. खोक्यातल्या पत्रांवर ते होतं. सासूबाईंच्या आजोबांना त्यांच्या भावाने लिहिलेली पत्रं, उजव्या कोपऱ्यात वर टाउनलँडचं नाव, खाली स्विनफर्ड, त्याखाली काउंटी मेयो. तेवढ्यावर १९०१ च्या जनगणनेत घर सापडलं. गवताने शाकारलेलं छप्पर, दर्शनी भिंतीला दोन खिडक्या, आणि राहणाऱ्यांच्या यादीत सासूबाईंचे आजोबा, तेव्हा शाळकरी पोर. १९११ मध्ये ते यादीत नाहीत. त्या वर्षी विवाहित बायकांना एक जास्तीचा प्रश्न होता: किती मुलं झाली, किती हयात आहेत. सासूबाईंच्या पणजीच्या नावासमोर लिहिलंय १०, आणि हयात ८. घरात राहणारी फक्त दोन. बाकीची सहा कुठे गेली हे आता त्या खोक्यातल्या पत्रांवरूनच कळतंय. हे खोकं रद्दीत चाललं होतं!

पत्रं नसतील तर अंत्यविधीची छापील कार्डं, थडग्यांवरचा मजकूर, इथल्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी, वर्तमानपत्रातले मृत्युलेख बघा. मुलांच्या नावांचा क्रमही बघा. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी तिथे सर्रास रीत होती, त्यामुळे एकाच आडनावाची दोन घरं वेगळी काढता येतात. बॉस्टनच्या ‘पायलट’ या साप्ताहिकात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती यायच्या. शोधणाऱ्या बहिणीने भावाची काउंटी, पॅरिश, कधी टाउनलँडसुद्धा दिलेलं असायचं. न्यूयॉर्कमध्ये १८५० साली निघालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची तर कमालच. खातेदाराची ओळख पटावी म्हणून तिथे आईबापांची नावं, जन्मगाव, भावंडं, कुठल्या जहाजाने आलात हे सगळं वहीत लिहून घेत. त्या वह्या आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

एलिस आयलंडवर नाव बदललं, ही दंतकथा घराघरांत सांगतात आणि ती पूर्ण चुकीची आहे. तिथले अधिकारी नावं लिहून घेतच नव्हते. प्रवाशांची यादी जहाज कंपनी निघतानाच करायची आणि तिच्यावरून इथे माणसं तपासली जायची. हे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या लोकांनी किती वेळा लिहिलंय. शिवाय एलिस आयलंड उघडलं १ जानेवारी १८९२ ला. दुष्काळातून पळून आलेली लाखो माणसं त्याच्या कितीतरी आधी उतरली होती. सासूबाईंचे आजोबा तर थेट बॉस्टनला उतरले, एलिस आयलंड त्यांनी पाहिलंही नसेल. नावात फरक पडले ते आयर्लंडमध्येच इंग्रजी वळण देताना, किंवा इथे आल्यावर माणसाने स्वतः सोयीने केले.

उलट एलिस आयलंडवरच्या पहिल्या प्रवाशाचीच गोष्ट बघा. कॉर्कची ॲनी मूर, दोन धाकट्या भावांना घेऊन आलेली. ती पुढे टेक्सासला गेली असं कित्येक वर्षं सगळे मानत होते, त्या टेक्सासच्या बाईंच्या वंशजांना समारंभांची आमंत्रणं जायची. २००६ साली मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-संशोधिकेने कागद तपासले, तर टेक्सासच्या ॲनीचा जन्म इलिनॉयचा निघाला. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहिली आणि १९२४ मध्ये वारली. कारकुनाने काही बदललं नव्हतं. नंतरच्या लोकांनी न तपासता गोष्ट पुढे ढकलली होती.

मानचिन्हाबद्दल दोनच वाक्यं. आयर्लंडमध्ये मानचिन्ह मुख्य हेराल्ड, म्हणजे मानचिन्हांचा सरकारी अधिकारी, याच्या कार्यालयाकडून एका व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही. दुकानातली मानचिन्हाची चौकट जगातल्या प्रत्येक वॉल्शला तीच विकली जाते.

डीएनए चाचणीने अंदाजे प्रदेश कळतो, टाउनलँड नाही. तिचा खरा उपयोग दूरचे चुलत-मावस नातलग सापडण्यासाठी. त्यांच्या घरातही एखादं खोकं असू शकतं.

राहिला पासपोर्ट. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील तर परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व घेता येतं. पणजोबांवर ते आपोआप येत नाही. मुलाच्या जन्माआधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी स्वतःची नोंदणी केलेली असेल तरच पुढची पिढी पात्र ठरते. सासूबाईंनी तशी नोंदणी केलेली नव्हती, म्हणजे माझ्या नवऱ्याला सासूबाईंच्या आजोबांच्या जोरावर काही मिळणार नाही, आणि माझ्या मुलांनाही नाही. ‘पणजोबांवर करून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागणारे एजंट आमच्याच ओळखीच्या एका कुटुंबाला भेटलेत. आयर्लंडच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पात्रतेचे नियम दिलेले आहेत. पैसे देण्याआधी ते वाचा, आणि ती चुकीची पोस्ट कोणी पाठवली तर त्यांना हे पाठवा.