टेन्शन हा शब्द दोन महिने बंद

आमच्या घरात भावना दोनच, टेन्शन आणि बोर. तिसरी राग, ती माझी एकट्याची.

दिवाळीनंतर एकदा बायको म्हणाली, "तुला रविवारी संध्याकाळी नेमकं होतं काय रे? चहा जरा गार झाला की ओरडतोस." म्हटलं सोमवारचं टेन्शन, अजून काय. तर म्हणे, "मग मंगळवारचं कसं येत नाही?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आधी एक अ‍ॅप घेतलं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच तोंडं, त्यातलं एक दाबायचं. आठ दिवस मी मधलंच दाबत होतो, मग काढून टाकलं. दुधाच्या हिशोबाची वही घेतली आणि मागच्या पानापासून लिहायला लागलो. किती वाजता, त्याआधी काय झालं आणि काय वाटलं, बास. अट एकच, टेन्शन, राग, बोर आणि मूड ऑफ हे शब्द बंद.

पहिले तीन दिवस पेन हातात धरून नुसता बसलो हो, शब्दच नाहीत! मग एकेक आज्जीचे आठवायला लागले. घालमेल, हुरहूर, धास्ती, उबग, हिरमुसणं. ती शाळेत फारशी गेली नव्हती पण पोटात काय चाललंय ते बरोब्बर सांगायची. चुटपुट आणि रुखरुख मला एकच वाटायचं, लिहिताना फरक कळला. लोकल डोळ्यादेखत सुटली की लागते ती चुटपुट, संध्याकाळपर्यंत जाते. रुखरुख म्हणजे आपण करायला हवं होतं आणि केलं नाही, ती जात नाही, तळाशी बसते.

तर रविवार. पाच रविवारच्या नोंदी एकाखाली एक बघितल्या तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी त्याआधी सांगलीला आईला फोन झालेला. ती "माझं काय, बरं चाललंय" म्हणते, मी "बरं" म्हणून ठेवतो, आणि अर्ध्या तासात चहावरून आवाज चढतो. ऑफिसचा काही संबंधच नाही. इतकी वर्षं सोमवारच्या नावानं उगाच शंख करत होतो.

२००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन यांच्या टीमनं लोकांना स्कॅनरमध्ये ठेवून रागावलेले घाबरलेले चेहरे दाखवले, तर त्या भावनेला शब्द लावताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धडपड कमी दिसली. अर्थात ते फोटोतले चेहरे होते, स्वतःची आई नव्हती, त्यामुळे मी फार उड्या मारत नाही. मला जास्त भारी वाटलं आपलं नाट्यशास्त्र. त्यात तेहतीस व्यभिचारी भाव, म्हणजे येऊन जाणाऱ्या भावना, आहेत, शंका वेगळी, चिंता वेगळी, त्रास वेगळा. आणि एक आहे अवहित्थ, म्हणजे मनातलं लपवणं, हीसुद्धा भावनाच! "काही नाही, ठीक आहे" म्हणणाऱ्या तमाम नवरे मंडळींचा हा राष्ट्रीय भाव असावा.

माझं म्हणणं एवढंच की टेन्शनचं काही करता येत नाही, चहा पिता येतो फार तर. रुखरुख म्हटलं की काय राहिलंय ते लगेच कळतं. आता महिन्यातून एकदा सांगलीला जातो. रुखरुख गेली असं अजिबात नाही, ओरडणं मात्र कमी झालंय (बायकोचं सर्टिफिकेट आहे). आणि चांगलं वाटत असताना मी वही काढत नाही, हसताहसता मध्येच शब्द शोधत बसलं की मजा जाते. ऑफिसच्या "आज कसं वाटतंय" वाल्या फॉर्मवर पण खरं लिहीत नाही, तिथे अवहित्थच बरं.

परवा पोरगा खाली खेळायला गेला आणि दहा मिनिटांत वर आला, "बोर झालं." जरा खोदून विचारलं तर टीममध्ये घेतलं नव्हतं. म्हटलं अरे याला बोर नाही, हिरमुसणं म्हणतात. दोनदा म्हणून बघितलं त्यानं, मग म्हणाला, "हां, तेच झालंय. पण बाबा, खाली सगळ्यांसमोर बोरच सांगणार."