तेवीस मतांचा कॅप्टन

रग्बी म्हणजे धिप्पाड गड्यांचा खेळ असं आपण धरूनच चालतो. अर्जेंटिनाचा आगुस्तिन पिचोट होता जेमतेम पावणेसहा फूट. त्याची जागा स्क्रम-हाफची. पुढे शंभर-सव्वाशे किलोचे गडी एकमेकांवर रेलून रेटारेटी करतायत (हीच स्क्रम) आणि त्यांच्या मागे हा ओणवा. एकाच्या पाठीवर थाप, दुसऱ्यावर ओरडा, तिसऱ्याला हातानेच 'सरक तिकडे', आणि तेवढ्यात ढिगाऱ्यातून चेंडू उपसून पास. विकेटकीपरसारखी अखंड बडबड. फरक इतकाच की इथे ती पुढच्यांनी ऐकली नाही तर अख्खी चढाई फुकट.

माझं मत सरळ सांगतो. पिचोट मैदानातून खुर्चीत गेला तरी स्क्रम-हाफच राहिला. त्याने जे मिळवलं ते त्यामुळे, आणि आपटला तोही त्यामुळेच.

तो १९७४ चा, ब्यूनोस आयरेसचा. सान इसिद्रोच्या क्लबात वाढलेला. तिकडे क्लब रग्बी हौशी, खेळायचे पैसे घेणं म्हणजे जवळजवळ बाटणं. पोट भरायचं तर समुद्र ओलांडा. हाही ओलांडून गेला. इंग्लंडमधला रिचमंड क्लब १९९९ मध्ये पैशाअभावी बसला, मग ब्रिस्टल, मग पॅरिसचा स्ताद फ्रान्से. तिथे दोनदा फ्रेंच विजेतेपद. देशासाठी ७१ कसोट्या.

पण देशाला खेळायला स्पर्धाच नव्हती. उत्तरेत सहा राष्ट्रांची पंगत (इंग्लंड, फ्रान्स, आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, इटली), दक्षिणेत तीन राष्ट्रांची (न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका). अर्जेंटिनाचं पान दोन्हीकडे नाही. वर्ल्ड कप सोडला तर कुणी बोलावेल तेव्हा जायचं.

मग आलं २००७. वर्ल्ड कप फ्रान्समध्ये, पहिली मॅच यजमानांशी, पिचोट कॅप्टन. राष्ट्रगीताच्या वेळचं दृश्य आजही मिळालं तर बघा. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले हे रेडे ढसाढसा रडतायत. ऐंशी मिनिटांनी स्कोअर १७-१२, स्टेडियम चिडीचूप. पुढे आयर्लंड गारद, स्कॉटलंड गारद. सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेने धुतलं खरं, पण तिसऱ्या जागेसाठी पुन्हा फ्रान्स समोर आला आणि या वेळी ३४-१०. जगात तिसरा आलेला संघ, आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये त्याच्या नावाची स्पर्धा नाही!

पिचोटची खरी कारकीर्द मला इथून पुढची वाटते. निवृत्तीनंतर मिशा पिळत समालोचन करत बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. तो मीटिंगांत घुसला. २०१२ मध्ये अर्जेंटिना दक्षिणेच्या पंगतीत बसली, तिथे स्पर्धा तीनाची चार देशांची झाली. दुसऱ्याच मॅचला मेंडोझात दक्षिण आफ्रिकेशी १६-१६ बरोबरी. २०१६ पासून हाग्वारेस (म्हणजे जग्वार) नावाचा व्यावसायिक संघ सुपर रग्बीत, म्हणजे दक्षिणेकडच्या व्यावसायिक संघांच्या लीगमध्ये उतरला, म्हणजे पोरांना घरी राहून पगार. (गंमत म्हणजे राष्ट्रीय संघाच्या बोधचिन्हावर आहे जग्वार, १९६५ च्या दौऱ्यात एका पत्रकाराने त्याला प्यूमा म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. पन्नास वर्षांनी का होईना, जनावराला स्वतःचं नाव मिळालं.) २०१९ मध्ये हा संघ फायनलपर्यंत गेला.

२०१६ मध्येच तो वर्ल्ड रग्बीचा, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेचा उपाध्यक्ष झाला. परदेशी खेळाडूला तीन वर्षं देशात ठेवून आपली जर्सी चढवायची, ही पळवाट त्याला सलायची. २०१७ मध्ये अट पाच वर्षांची झाली. मग त्याने मोठा घास घेतला: बारा देशांची जागतिक लीग, खाली दुसरी फळी, आणि दोन्हींत बढती-घसरण. जो हरेल तो खाली, मग तो कितीही जुना घराणेदार असो. हे घराणेदारांना पचेल का? १२ वर्षांत सुमारे ५ अब्ज पौंडांचं आमिष होतं, तरी २०१९ च्या जूनमध्ये योजना गुंडाळली गेली.

२०२० मध्ये तो अध्यक्षपदालाच उभा राहिला. समोर विद्यमान अध्यक्ष बिल बोमाँट, १९८० मध्ये उत्तरेच्या पंगतीतल्या सगळ्या मॅच जिंकणाऱ्या (म्हणजे ग्रँड स्लॅम) इंग्लंडचा कॅप्टन. तो लॉक, म्हणजे स्क्रममध्ये मधोमध उभा राहून शांतपणे रेटणारा. एकूण मतं ५१. सहा राष्ट्रांना प्रत्येकी तीन, म्हणजे १८ तिथेच. अख्ख्या आशिया विभागाला दोन. निकाल २८-२३, बोमाँटच्या बाजूने.

माझ्या जिव्हारी लागतं ते वेगळंच. बोमाँटच्या अर्जाला सूचक फ्रान्स आणि अनुमोदक फिजी. ज्या छोट्या देशांसाठी हा चार वर्षं घसा कोरडा करत होता, त्यातलाच एक समोरच्याच्या कागदावर सही करून मोकळा. फिजीला दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. छोट्या बोर्डाला उद्याच्या न्यायापेक्षा पुढच्या दौऱ्याचा खर्च आधी दिसतो. चूक पिचोटची. मतदानाच्या काही आठवडे आधी उमेदवारी जाहीर करून मतं मिळत नाहीत; ती चहा पीत, एकेकाच्या तक्रारी ऐकत जमवावी लागतात. मागून ओरडलं की पुढचा हलतो, हे मैदानात. समितीत पुढचा वळून बघतो आणि लक्षात ठेवतो.

हरल्यावर त्याने वर्ल्ड रग्बीतली आणि अर्जेंटिना बोर्डातलीही पदं सोडली. त्याच वर्षी कोविडने हाग्वारेसचा संसार उठवला, पोरं पुन्हा युरोपला पांगली. आणि नोव्हेंबरमध्ये, वर्षभर एकही कसोटी न खेळलेल्या त्याच पोरांनी न्यूझीलंडला २५-१५ हरवलं. इतिहासात पहिल्यांदाच.

बारा देशांची ती लीग आता २०२६ साठी ठरली आहे. अर्जेंटिना त्यात आहे, जपान आहे, फिजीही आहे. बढती-घसरण मात्र २०३० पर्यंत नाही. जॉर्जियाने २०२२ मध्ये आधी इटलीला आणि मग कार्डिफमध्ये जाऊन वेल्सला हरवलं होतं. इटली आणि वेल्स दोघंही बारांत आहेत. जॉर्जियाचं पान अजून मांडलेलं नाही.