अर्ज-विनंत्या म्हणून हिणवलेले राजकारण

गेल्या महिन्यात एका शालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय स्वातंत्र्यलढ्यातील महाराष्ट्र असा होता. बोललेल्या अकरा मुलांपैकी सात जणांनी मवाळांना, म्हणजे अर्ज-विनंत्यांच्या सनदशीर मार्गाने जाणाऱ्या नेत्यांना, एका वाक्यात निकालात काढले: त्यांनी इंग्रजांपुढे हात पसरले, आणि मग लोकमान्य आले. यात मुलांचा दोष नाही. जहाल आणि मवाळ हा वाद शूर आणि भित्र्यांचा वाद म्हणून आपण मोठ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आहे. मला हे मनापासून खटकते, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी घालून घेतलेला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभेचा प्रतिनिधी व्हायचे असेल, तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मतपेटी नाही, मताधिकार नाही, अशा काळात दारोदार जाऊन ‘तुमच्या वतीने बोलायला मला परवानगी द्या’ असे विचारणे ही या देशासाठी अगदी नवी गोष्ट होती. पुढे दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून अर्जांतून सरकारपुढे ठेवली.

या अर्जांचे होत काय असे? बहुतेक वेळा पोच म्हणून दोन ओळी येत. तरुण गोखल्यांना याचा उबग आला आणि त्यांनी रानड्यांना विचारले की, सरकार ढुंकूनही पाहत नसेल तर इतके श्रम कशासाठी? रानड्यांचे उत्तर गोखल्यांनीच पुढे सांगितले आहे. हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले आहेत, खरे तर ते आपल्या लोकांसाठी आहेत, कारण या विषयांवर विचार कसा करायचा हे लोकांना शिकायचे आहे, असा त्याचा आशय होता. मवाळांची पद्धत समजून घ्यायची तर सुरुवात इथून केली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता १९०२ सालचे गोखल्यांचे कायदेमंडळातले अंदाजपत्रकावरील भाषण घ्या. दोन भीषण दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते, आणि तरीही सरकार शिलकी अंदाजपत्रक दाखवून देशाची भरभराट सांगत होते. गोखल्यांनी ही शिल्लक उलगडून दाखवली. पौंडाच्या तुलनेत रुपया घसरत होता, तेव्हा विलायतेत भरायच्या रकमांसाठी जास्त रुपये लागतात या कारणाने कर वाढवले गेले. पुढे रुपया सावरला, पण कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेतून आलेली नव्हती, तर गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या पैशाची होती. त्या करांत मिठावरचा करही होता, मणाला अडीच रुपये. ज्या घरात भाकरीबरोबर कालवण म्हणून दुसरे काही नसते, त्या घरातल्या मिठावरचा हा कर होता. आणि हे सगळे सांगणाऱ्या सभासदाला त्या वेळी अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारही नव्हता! १९०३ पासून हा कर टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. सगळे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही, हे मी जाणतो. पण सरकारचेच आकडे घेऊन सरकारला खोटे पाडण्याचे हे काम भीक मागणाऱ्याचे नव्हे. आजही ग्रामसभेत उभे राहून जमाखर्चाचा तपशील मागितला की कशी शांतता पसरते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ते लगेच पटेल.

त्यांचे उद्दिष्ट तोकडे होते, हा आक्षेप मला मान्य आहे. मुलकी सेवेची परीक्षा हिंदुस्थानातही व्हावी, कायदेमंडळात निवडून आलेले सभासद वाढावेत, लष्करी खर्च कमी व्हावा, आणि पुढे कधीतरी साम्राज्यातच राहून वसाहतींसारखे स्वराज्य मिळावे, एवढेच ते मागत होते. याहून गंभीर उणीव मला दुसरीकडे दिसते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे केली होती. त्यासाठीचे विधेयक गोखल्यांनी कायदेमंडळात मांडले ते १९११ साली, जवळजवळ तीस वर्षांनी. ज्यांच्या वतीने हे लोक बोलत होते, त्यांतल्या मोठ्या समाजाचा आवाज त्यांच्या कानी उशिरा पोहोचला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही ते विधेयक मी पुन्हा पुन्हा वाचतो. वाचताना जाणवते की सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती, तीही स्थानिक संस्थेने ठरवली तर, आणि खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारवर, इतकी जपून केलेली ती मागणी होती. मार्च १९१२ मध्ये ती ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. फेटाळणाऱ्यांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर आपलेही लोक होते. हे होणार याची गोखल्यांना कल्पना होती. आपल्या पिढीला अपयशातूनच देशसेवा करायची आहे, असे ते त्या चर्चेत स्वतःच म्हणाले होते.

परवा त्या सात मुलांपैकी एक मुलगी शाळेच्या वाचनालयात भेटली. तिला रानडे आणि गोखल्यांचा तो प्रसंग सांगितला, तेव्हा तिने वहीत तारखा उतरवून घेतल्या आणि विचारले, ‘सर, मग त्या तेरा जणांत कोण कोण होते?’ पुढच्या शनिवारी ती नावे शोधायला आम्ही बसणार आहोत.