पोराचं वय विचारता, बापाला काही विचारता का?

बालमजुरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : "कायदा काहीही म्हणो, इस्लाममध्ये मुलांच्या कामाला मनाई नाही." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. सरसकट मनाईचं कलम शोधायला गेलात तर मिळणार नाही, मान्य. पण शरियत सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून करते. सरकारी कायदा विचारतो, पोराचं वय किती? फिकह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, विचारतं, याला पोसायचं कुणी?

उत्तरही देतं. मुलाची स्वतःची मालमत्ता नसेल तर बापाने. बाप नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर जवळच्या नातेवाइकांनी. कुणीच नसेल तर बैतुलमालने, म्हणजे सरकारी खजिन्याने. गरिबीच्या भीतीने मुलांना मारू नका, त्यांना आणि तुम्हाला आम्हीच रोजी देतो, असं कुराण सांगतं (१७:३१). इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या पैगंबरांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या वचनांच्या संग्रहात तर खलिफा उस्मान यांचा खुतबा (प्रवचन) आहे. त्यात ते म्हणतात, लहान मुलांना कमाईला जुंपू नका. कमाई झाली नाही तर ती चोरी करतील.

मग मुलांच्या कामाची बाजू घेणाऱ्यांकडून लगेच पैगंबरांचे सोबती हजरत अनस यांचं उदाहरण पुढे येतं. दहाएक वर्षांचे असताना ते पैगंबरांच्या सेवेत आले, हे खरंच आहे. पण अनस स्वतःच सांगतात की दहा वर्षांत पैगंबर त्यांना कधी 'उफ्' सुद्धा म्हणाले नाहीत. पोराला कारखान्यात राबवणाऱ्या मालकाने हा अर्धा भागही पाठ करावा.

फिकहात पळवाट नाही असं मात्र नाही. हनफी फिकहाप्रमाणे (फिकहाच्या चार सुन्नी परंपरांपैकी एक) मुलगा कमावण्याजोगा झाला की बाप त्याला हुन्नर शिकायला, कामाला लावू शकतो. मुलीला मजुरीला देता येत नाही. यातलं 'कमावण्याजोगा' कुणी ठरवायचं? बापानेच. इथे मला सरकारी कायद्याचा ठाम आकडा हवासा वाटतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ किमान वय १५ धरतो (विकसनशील देशांना १४ ची सवलत), धोक्याच्या कामासाठी १८. १५ म्हटल्यावर बिचकू नका. पैगंबरांचे सोबती इब्न उमर यांना १४ व्या वर्षी उहुदच्या लढाईत घेतलं नव्हतं, १५ व्या वर्षी खंदकच्या लढाईच्या वेळी घेतलं. शाफई आणि हंबली या आणखी दोन परंपरांच्या फिकहात वयात आल्याची खूण दिसली नाही तर हीच मर्यादा मानतात.

पण सरकारी कायदाही घराच्या उंबऱ्यावर थबकतो. भारताने २०१६ च्या दुरुस्तीत १४ वर्षांखालच्या मुलांना सगळ्या धंद्यांत बंदी घातली आणि त्याच दमात शाळेनंतर व सुट्टीत घरच्या बिनधोक्याच्या धंद्याला हातभार लावायची मुभा ठेवली. 'शाळेनंतर' म्हणजे रात्री किती वाजेपर्यंत, ते कोण तपासणार? युनिसेफ आणि कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात सुमारे १३ कोटी ८० लाख बालमजूर होते, त्यातले ६१ टक्के शेतीत. तिथे मालक बहुतेकदा घरचाच माणूस असतो.

म्हणून निरीक्षक जिथे पोचत नाही तिथे जुम्म्याच्या खुतब्याने पोचावं, असं मला वाटतं. उस्मान यांचं ते वाक्य मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) किती वेळा ऐकलंय? आणि त्याच हनफी फिकहातली दुसरी अट? मुलाच्या कमाईतून त्याचा खर्च भागवून जे उरेल ते तो वयात येईपर्यंत बापाने जपून ठेवायचं आहे. धर्माचा दाखला देऊन पोराला कामाला धाडणाऱ्या बापाकडे तो हिशेब मागा.